तडकलेल्या इंधनाचे गणित

जाड काचेच्या पेल्यात उकळते पाणी ओतले की तो तडकतो, हे आपण वर्गात सांगतो. आतला थर तापून प्रसरण पावू पाहतो, बाहेरचा थंड थर त्याला अडवताना स्वतःच ताणला जातो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारसा नाही. म्हणून तडा बाहेरून सुरू होतो.

अणुभट्टीतील युरेनियम डायऑक्साइडच्या गुटिकेचेही हेच होते. उच्च तापमानाला भाजलेली ही मृत्तिकाच; व्यास सुमारे एक सेंटिमीटर. उष्णता तिच्या अंगभर निर्माण होते, पण बाहेर पडते ती पृष्ठभागावरून. मध्य व पृष्ठभाग यांच्या तापमानांतील फरक काढणे सोपे आहे. एक मीटर लांबीच्या इंधनातून मिळणाऱ्या शक्तीला ४π आणि उष्णतावाहकता यांच्या गुणाकाराने भागावे. शक्ती २०,००० वॅट आणि वाहकता ३ (वॅट प्रति मीटर प्रति अंश) धरली, तर फरक येतो सुमारे ५३० अंश. (सूत्रात व्यास येतच नाही, हे विद्यार्थ्यांना चटकन पटत नाही, त्यांच्याकडूनच समाकलन करून घ्यावे.) तडकायला १०० अंशांच्या आसपासचा फरकही पुरतो. म्हणजे भट्टीची शक्ती पहिल्यांदा वाढवतानाच गुटिका तडकते. हा अपघात नव्हे; आराखड्यात तो गृहीतच धरलेला असतो.

मग संगणकाने काढायचे काय? तडे किती आणि कुठे. तुकडे सरकून झिर्कोनियमच्या नळीला टेकतात, तड्याच्या तोंडाशी नळीवर ताण एकवटतो आणि विखंडनातून आलेले आयोडीन तिला तिथेच कुरतडू शकते. यासाठी आम्ही गुटिकेचे हजारो घटक पाडून प्रत्येकातला ताण काढतो. मर्यादा ओलांडली की तो घटक तुटला. गंमत अशी, की सर्व घटक सारखेच बळकट धरले तर परिघावर सगळीकडे एकदमच मर्यादा ओलांडली जाते आणि कुठे तडकावे हे गणिताला ठरवता येत नाही. खऱ्या गुटिकेत सूक्ष्म छिद्रे, ओरखडे असतात. म्हणून घटकांच्या बळात थोडा यादृच्छिक फरक मुद्दाम घालावा लागतो. मग कमकुवत जागी तडा जातो, शेजारचा ताण उतरतो आणि मोजकेच अरीय तडे उरतात.

फार काळ वापरलेल्या इंधनाचे प्रकरण अवघड आहे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत विखंडनातून निघालेला वायू दाबाखाली कोंडलेला असतो. नॉर्वेतील हाल्डेन संशोधन भट्टीत (ती २०१८ मध्ये बंद झाली) २००६ साली अशी एक कांडी, शीतक नाहीसे झाल्यासारखी स्थिती निर्माण करून, तापवली. नळी फुगून फुटली आणि इंधनाचा चुरा बाहेर पडला. इथे तापमानातील फरकाबरोबर वायूचा दाबही प्रतिमानात घ्यावा लागतो. चुरा कोणत्या तापमानाला सुरू होईल, हे इंधन किती जळले आहे आणि नळी त्याला किती आवळून धरते, या दोन्हींवर अवलंबून असते. आणि आमच्या मते प्रतिमाने अजून कच्ची आहेत ती इथेच.