होर्डिंगवरचं कुटुंब येतं कुठून?

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला, की जुन्या आग्रा रोडवर काल्हेर लागतं. गोदामं, त्यांना खेटून उभे राहिलेले टॉवर, मधोमध मेट्रो पाचचे खांब, आणि जिथे म्हणून जागा मिळेल तिथे फलक. घरांचे, दागिन्यांचे, शाळांचे, वाढदिवसांचे. वाहतूक अडली, आणि ती अडतेच, की आपण हे फलक निवांत पाहत बसतो. गंमत म्हणजे घरांच्या फलकावरची माणसं या रस्त्यावर कधी भेटत नाहीत. टेम्पोतून माल उतरवताना नाहीत, अंजूरफाट्याच्या शेअर रिक्षात तर नाहीतच. ही माणसं तयार कशी होतात, ते एकेक पायरी घेऊन पाहू. त्यासाठी कॅमेऱ्यातलं काही कळत असायची गरज नाही.

पहिली पायरी कागदावरची. जाहिरात देणारा एजन्सीला एक टिपण देतो, त्याला धंद्यात ‘ब्रीफ’ म्हणतात. गिऱ्हाईक कोण, त्याची मिळकत किती, त्याला हौस कशाची, एवढं त्यात असतं. अर्धं चित्र इथेच ठरून जातं. ठाण्यात घर परवडत नाही म्हणून खाडीच्या अलीकडे येणारं नोकरदार जोडपं हे गिऱ्हाईक ठरलं, की चित्रात तेच येणार. तेही आज आहे तसं नव्हे. कर्ज फिटल्यावर, झोप पूर्ण झाल्यावर जसं दिसेल तसं. ज्यांच्या भातशेतीवर टॉवर चढले ते आगरी, भिवंडीच्या यंत्रमागांवर बसणारा कामगार, गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा हे टिपणात नसतात. त्यांचा अपमान करायचं कोणाच्या मनात नसतं. त्यांचा विषयच निघत नाही. जाहिरातीच्या चित्रांबद्दल आपण ‘खोटं दाखवतात’ अशी तक्रार करतो. मला विचाराल तर त्यांत खोटं कमी आणि गाळलेलं जास्त असतं.

दुसरी पायरी चेहऱ्यांची. मोठा बिल्डर मॉडेल बोलावून शूट करतो. लहान माणूस ‘स्टॉक फोटो’ घेतो, म्हणजे संकेतस्थळावर विक्रीला ठेवलेले तयार फोटो. शोधखिडकीत ‘आनंदी भारतीय कुटुंब’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले की गोरीगोमटी आई, दाढी कोरलेले बाबा, एक मुलगा, एक मुलगी अशी रांग समोर येते. डिझायनरला संध्याकाळपर्यंत काम द्यायचं असतं, तो पहिल्या पानावरचं उचलतो. म्हणून तेच कुटुंब काल्हेरमध्ये घर विकताना आणि दुसऱ्या शहरात आरोग्य विमा विकताना दिसलं, तर नवल वाटून घेऊ नका.

इथे नेहमी घोटाळा होतो तो संमतीचा. फोटो जाहिरातीत वापरायचा तर फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी लागते. त्या कागदाला ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. फोटोग्राफरचा हक्क वेगळा आणि फोटोतल्या माणसाचा वेगळा, हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुलै 2024 मध्ये ज्येष्ठांच्या तीर्थदर्शन योजनेची सरकारी जाहिरात आली आणि शिरूर तालुक्यातल्या एका कुटुंबाला त्यात आपले वडील दिसले. ते तीन वर्षं बेपत्ता होते. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ग्रामीण महिलेची याचिका आली. ओळखीच्या फोटोग्राफरने काढलेला तिचा फोटो एका परदेशी फोटो-संकेतस्थळावर चढला होता आणि तिथून वेगवेगळ्या राज्य सरकारांच्या जाहिरातींत पोचला होता. न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. म्हणजे ‘लाभार्थी’ म्हणून हसणाऱ्या बाईला ती कशाची लाभार्थी आहे हे ठाऊक असेलच, असं धरून चालू नये.

तिसरी पायरी उभं करण्याची. कोण कुठे उभं, कोणाचा हात कुठे, कोण कोणाकडे बघतंय. एर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं ‘जेंडर ॲडव्हर्टाइजमेंट्स’ हे पुस्तक 1979 साली आलं. शेकडो जाहिराती शेजारी-शेजारी मांडून त्यांनी दाखवलं, की पुरुष उंचावर असतो, काहीतरी करत असतो किंवा समजावत असतो; बाई किंचित खाली, मान कललेली, वस्तूला बोटांनी नुसती शिवणारी. आता घरांचा कुठलाही फलक आठवून पाहा. हात लांब करून इमारत दाखवणारा कोण? आणि त्या हाताकडे कौतुकाने बघणारी कोण? हप्ता दोघांच्या पगारातून जाणार असतो, पण चित्रात बोट एकाचंच. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवायला 1985 साली काढलेल्या संस्थेने, 2022 मध्ये अशा साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. फलकांवर अजून तरी बोट त्याचंच आहे.

कपड्यांच्या फोटोतही हीच पायरी असते. भिवंडीच्या गोदामांतून ऑनलाइन मागवलेले कुर्ते घरोघरी जातात, आणि फोटोतल्यासारखा बसला नाही म्हणून त्यांतले बरेच परतही येतात. फोटोत कुर्ता इतका नेमका बसतो, कारण मॉडेलच्या पाठीमागे जादा कापड चिमटे लावून ओढलेलं असतं. पाठ आपल्याला दिसत नाही. मग कुर्ता आला, की आरशासमोर दोष आपण आपल्या पोटाला देतो.

चौथी पायरी भिंगाची. रुंद कोनाचं भिंग, म्हणजे वाइड लेन्स, जवळचं मोठं आणि लांबचं आणखी लांब दाखवतं. दहा बाय दहाची खोली त्यातून दिवाणखाना वाटते. हीच करामत चेहऱ्यावर उलटते. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसू शकतं, असं 2018 साली अमेरिकी डॉक्टरांनी गणिताने मांडलं. नाक नीट करून द्या म्हणून लोक सेल्फी घेऊन प्लास्टिक सर्जनकडे यायला लागले होते, म्हणून हा हिशेब झाला. फोन हातभर लांब धरा, निम्मं नाक तिथेच सुधारतं. कॅमेऱ्याची उंचीही बोलते. खालून वर काढलेला माणूस भारदस्त वाटतो, वरून खाली काढलेला बापुडवाणा. पुढाऱ्याचा फोटो आणि पूरग्रस्ताचा फोटो शेजारी ठेवले, की कॅमेरा कुठे होता ते चटकन कळतं.

पाचवी पायरी प्रकाशाची आणि रंगाची. इथे थोडं थांबू, कारण सर्वांत खोल ओरखडा इथला आहे.

कॅमेरा स्वतःहून प्रकाश मोजतो तेव्हा समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे, असं धरून चालतो. सावळा माणूस पांढऱ्या भिंतीसमोर, पांढऱ्या शर्टात उभा केला, की कॅमेरा पांढऱ्याला घाबरून सगळंच दाबतो. शर्ट नीट येतो, चेहरा काळवंडतो. मग फोटोग्राफर म्हणतो, रंगच तसा आहे. तसा नसतो. फोनवर चेहऱ्याला बोट लावून प्रकाश चेहऱ्यावरून मोजायला लावा, किंवा भिंत बदला. बाजूने मऊ उजेड दिला तर सावळ्या कातडीची चमक गोऱ्या चेहऱ्याला मिळत नाही इतकी देखणी येते.

रंगीत फिल्मच्या काळात हा पक्षपात यंत्रातच मुरलेला होता. प्रयोगशाळांना रंग जुळवायला कोडॅककडून एक नमुना फोटो यायचा. त्यावर गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की फिल्म बरोबर. तपकिरी छटा पकडता येत नाहीत ही ओरड माणसांनी केली तेव्हा फार काही हललं नाही. चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपला माल फोटोत नीट येत नाही म्हटल्यावर फिल्म सुधारायला गती आली, असं कोडॅकच्याच जुन्या लोकांनी सांगितलेलं आहे.

आपल्याकडे 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ आली. सावळी मुलगी खिन्न, मलम लावलं, गोरी झाली, नोकरी मिळाली, स्थळ आलं: ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं चालली. सावळेपणा म्हणजे अपयश असं दाखवू नये, अशी सूचना मानक परिषदेने 2014 मध्ये काढली. 2020 मध्ये मलमाचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. नाव बदललं तरी सवय स्टुडिओत उरली. हळदीचा अल्बम बघा. आगरी हळद म्हणजे उन्हातली, घामातली, नाचून लाल झालेली माणसं, आणि अल्बममध्ये सगळ्यांचे चेहरे एका छटेचे, जणू एकाच पिठाच्या भाकऱ्या. संगणकावर ‘स्किन स्मूथ’ नावाचं एक बटण असतं. ते आधीच सगळ्या फोटोंवर फिरवून झालेलं असतं. आजीच्या सुरकुत्याही जातात, आणि घरच्यांना वाटतं छान आला फोटो.

सहावी पायरी जोडकामाची. इमारतीचं चित्र फलक लागतो तेव्हा बहुधा फोटो नसतंच. ते संगणकावर बांधलेलं असतं. त्यात बाहेरून कापून आणलेली माणसं चिकटवतात. ती मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे इमारत उंच वाटते. विजेच्या तारा, कंटेनर, शेजारचं गोदाम, सुकट विकणारी मावशी ही सगळी पुसली जातात. हे संगणकाने आणलेलं पाप आहे असं समजू नका. विल्यम जॉन्सन यांचं मुंबईतल्या जातीजमातींवरचं छायाचित्रांचं पुस्तक दोन खंडांत, 1863 आणि 1866 साली निघालं. दुसरा खंड महाराष्ट्राचा. माणसांचे गट एका निगेटिव्हवर, मागचा देखावा दुसऱ्यावर, आणि छापताना दोन्ही एकत्र. माणसं ज्या जागेसमोर दिसतात, तिथे ती फोटोसाठी उभीच राहिली नव्हती. चित्राखाली माणसाचं नाव नाही, समाजाचं आहे. चार माणसं पूर्ण जातीचा नमुना ठरली, आणि साहेबाने घरबसल्या ‘हे असे दिसतात’ म्हणून मान्य केलं.

आता वाढदिवसाचा फ्लेक्स. यालाही वेगळी पायरी देतो, कारण पुण्या-मुंबईचे लोक त्याला हसतात आणि पुढे जातात. त्याचं व्याकरण पक्कं आहे. वर गोलात महापुरुष, त्याखाली पक्षाचे नेते, मधे उत्सवमूर्ती, तळाला पासपोर्ट आकाराचे शुभेच्छुक. चेहऱ्याचा आकार म्हणजे पद. कोणाचा किती इंच, यावरून रुसवे होतात, ते डिझायनरला विचारा. पांढरा शर्ट, गॉगल, कानाला फोन. बायका असल्या तर हात जोडलेल्या, आणि नावाआधी सौ. पण एक गोष्ट मानायला हवी: या रस्त्यावर गावातल्या पोराचा चेहरा मोठा दिसतो तो फक्त इथे. बिल्डरच्या टिपणात त्याला जागा नव्हती, म्हणून त्याने चौरस फुटाच्या भावाने स्वतः विकत घेतली. दुःख एवढंच, की ती मिळाल्यावर तोही डिझायनरला सांगतो, जरा गोरा कर. शिवाय यांतले कितीतरी फलक परवानगीवाचून लागलेले असतात, तो भाग वेगळा.

शेवटची पायरी आपल्या डोक्यात घडते, आणि तिला काही खर्च येत नाही. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडू लागते. तिच्याबद्दल काही कळायची गरज पडत नाही. रोज त्याच पुलावर अडकणाऱ्याला आणखी काय हवं? वर्षभराने ‘चांगल्या सोसायटीतले लोक’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चेहरे येतात, ते याच फलकांवरचे. मग सोसायटीच्या गेटवर अडवलं जातं ते कोणाला, हे आपण पाहतोच.

म्हणून फलक पाहताना आधी माणसं मोजा आणि कोण नाही ते विचारा. मग तळाची बारीक ओळ वाचा. चित्र कल्पनेतलं आहे, हे बहुधा तिथे लिहिलेलं असतं. केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत हवी. वर ठसठशीत मराठी आणि खाली मुंगीएवढं इंग्रजी, हे चालत नाही. घराची जाहिरात असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक आणि, 1 ऑगस्ट 2023 पासून, क्यूआर कोड असलाच पाहिजे. फोनने तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदवलेली माहिती उघडते. चित्रातला तरणतलाव त्या कागदांत आहे का, ते तिथे पाहा. रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. त्यासाठी फलकाचा, माहितीपत्रकाचा फोटो तारखेसह जपून ठेवावा लागतो; बुकिंग झाल्यावर फलक उतरतात.

घराव्यतिरिक्त इतर जाहिरातीत कोणाला रंगावरून, शरीरावरून हिणवलेलं दिसलं तर मानक परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ग्राहकाला पैसे पडत नाहीत. दिशाभूल असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं.

आणि घरात लग्न असेल तर फोटोवाल्याशी दर ठरवतानाच दोन गोष्टी बोलून घ्या. मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये हव्यात. आणि चेहऱ्यांना हात लावायच्या आधी चार नमुने दाखवायचे, त्यांत एक आजीचा. स्थळासाठी फोटो काढायचा असेल तर कोणता पाठवायचा ते मुलीलाच ठरवू द्या.