तमक श्वास की हृद्रोग?

काही वर्षांपूर्वी शिराळा तालुक्यातील तिशीची एक रुग्णा आमच्या सांगलीच्या चिकित्सालयात आली. चढण चढताना दम लागे, रात्री आडवे होताच खोकला येई आणि उठून बसल्यावर आराम पडे. तमक श्वासाचे वर्णनही असेच असल्याने आम्ही निःशंकपणे कफघ्न चिकित्सा व यष्टिमधुयुक्त अवलेह सुरू केला. तीन आठवड्यांत पाय सुजले. मिरजेस इकोकार्डिओग्राफी केली असता मायट्रल झडप अरुंद झाल्याचे आढळले. लहानपणी ज्वरानंतर तिचे सांधे एकामागून एक दुखत असत. हे आम्ही विचारलेच नव्हते.

निरोगी मायट्रल झडपेचे द्वार 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. ते दीडच्या खाली आले की डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते व तो दाब मागे फुप्फुसांत पोहोचतो. आपण ज्याला कफ समजतो, तो या तुंबलेल्या रक्तातून झिरपलेला द्रव असतो. यष्टिमधु शरीरात क्षार व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते, म्हणजे आमचे औषध रोगालाच साहाय्य करीत होते. पुढे कर्णिका फुगून तिचे स्पंदन विस्कळीत होते. अशा वेळी एकाने नाडी व दुसऱ्याने स्टेथोस्कोपने हृदयस्पंदने पूर्ण एक मिनिट मोजावीत. हृदयावर 110 आणि मनगटावर 90 भरली, तर 20 स्पंदने मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, असे समजावे. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण हे मोजू नये, याचे आश्चर्य वाटते.

हृद्धमन्यांच्या अवरोधाचे स्वरूप वेगळे. डाव्या जवनिकेच्या स्नायूला रक्त मुख्यतः विश्रांतीच्या क्षणी मिळते. नाडी जलद झाली की तो क्षण आखूड होतो. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर छाती आवळते आणि थांबले की मोकळी होते, असे सांगणाऱ्याला ‘गॅस’ म्हणून हिंग्वाष्टक देणे घातक ठरू शकते. औषधी दुकानदार बंधूंना विनंती, की छातीत दुखण्यासोबत घाम, जबड्यात वा डाव्या हातात कळ असेल, तर चूर्णाची पुडी बांधू नये. तात्काळ रुग्णालयात पाठवावे.

हृदय दुर्बल झाल्यावर मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात. तेथे लवणभास्कर वर्ज्य. चक्रदत्तोक्त अर्जुनक्षीर आम्ही आजही देतो, परंतु अर्जुनाने आकसलेली झडप उघडत नाही. अर्जुनारिष्टात गूळ असतो, हे मधुमेही ग्राहकास सांगावे.

त्या रुग्णेची झडप पुढे फुग्याने रुंद करण्यात आली. दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिन व वॉरफेरिन चालू आहे. मध्यंतरी गुडघ्यांसाठी तिने परस्पर गुग्गुळकल्प व हळदीच्या कॅप्सूल आणल्या होत्या. रक्तस्रावाच्या भीतीने आम्ही त्या परत करविल्या. दुकानदाराने कुरकुर न करता घेतल्या.