मदरबोर्डाचा अंमल

गृहसंगणकाची गती कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, नाद ज्यांना लागतो त्यांचे सारे चित्त प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर खिळलेले असते; प्रोसेसरची कोणती बॅच चांगली निघाली, कार्डाचा पंखा किती आवाज करतो, याची चर्चा ते तासन्‌तास करतात, आणि ज्या फूटभर लांबीच्या पाटीवर हे दोघे नांदायचे त्या मदरबोर्डाची खरेदी मात्र उरल्यासुरल्या पैशांत उरकून टाकतात. वास्तविक वेग कोठवर वाढेल याचा अखेरचा निवाडा बहुधा ती पाटीच करते. त्यातून एकाऐवजी दोन ग्राफिक्स कार्डे बसवण्याची हौस या नादास जडली, की हा निवाडा अधिकच कठोर होतो. कारण घड्याळाचे ठोके, माहितीच्या वाटा आणि वीज या बोर्डाच्या तिन्ही मर्यादित साधनांवर मग दोन दावेदार एकाच वेळी हक्क सांगू लागतात.

हे दोन्ही नाद घरोघरच्या हौशी मंडळींत रुजले ते १९९८ च्या सुमारास. त्या वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ या कार्डांची जोडी एकत्र जोडून पडद्यावरच्या ओळी दोघांकडून आळीपाळीने रेखाटून घेण्याची एसएलआय नावाची सोय झाली; आणि त्याच वर्षी इंटेलचा ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए बाजारात येऊन, बसचा ठोका ६६ वरून १०० वर नेताच पुष्कळदा विनातक्रार ४५० मेगाहर्ट्‌झवर धावू लागला. याचे सारे श्रेय प्रोसेसरला मिळाले. परंतु त्या काळच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डांत पीसीआय स्लॉटांना आणि हार्ड डिस्कला लागणारा ३३ मेगाहर्ट्‌झचा ठोका मुख्य ठोक्यास भागूनच काढला जाई : ६६ ला दोनाने, १०० ला तिनाने. मध्येच ८३ वर थांबणाऱ्याच्या वाट्यास दोनाचाच भागाकार आला की पीसीआयचा ठोका साडेएकेचाळीसवर चढे आणि डिस्कवरील फायली नासण्याची पाळी येई. मोठी झेप निर्धोक आणि लहान झेप घातक, हा विपरीत न्याय बोर्डावरच्या एका भागाकाराचा होता.

थ्रीडीएफएक्स बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली, आणि २००४ साली एसएलआय ही आद्याक्षरे नव्या अर्थाने पुन्हा अवतरली. आता कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटांत बसू लागली होती, आणि या पद्धतीत माहितीच्या वाटा, म्हणजे लेन, मोजून दिलेल्या असतात. एनव्हिडियाच्या एनफोर्स ४ एसएलआय चिपसेटपाशी ग्राफिक्ससाठी १६ लेन होत्या. पहिल्या पिढीच्या काही बोर्डांवर दोन स्लॉटांच्या मध्ये बोटभर रुंदीची एक चिमुकली पट्टी बसवलेली असे. ती उपसून, उलटी फिरवून पुन्हा खोचली, की पहिल्या कार्डाच्या सोळा लेनांपैकी आठ दुसऱ्याकडे वळत. वाटणी किती उघड असावी! पुढे हीच वाटणी बायोसच्या आज्ञेने आपोआप होऊ लागली आणि ग्राहकास तिचा विसर पडला.

या विसराचे परिणाम २००७ च्या सुमारास स्पष्ट दिसले. इंटेलचा चार कोरांचा क्यू६६०० हा प्रोसेसर तेव्हा हौशी मंडळींच्या गळ्यातला ताईत होता, आणि त्याला उचलून धरणारा लोकप्रिय चिपसेट होता पी३५. त्या बोर्डांवर लांबलचक स्लॉट दोन दिसत. पण पुष्कळ बोर्डांवर दुसऱ्याच्या पोटात लेन चारच असत, आणि त्याही नॉर्थब्रिज या मुख्य चिपकडून न येता साउथब्रिज या दुय्यम चिपमार्गे येत. साउथब्रिज आणि नॉर्थब्रिज यांच्यामधील दुव्याची क्षमता प्रत्येक दिशेस सेकंदाला सुमारे एक गिगाबाइट. त्यावरूनच डिस्कची आणि नेटवर्कचीही वाहतूक चाले. पहिल्या कार्डास त्याच मापाने चार गिगाबाइटचा राजमार्ग आणि दुसऱ्यास ही गल्ली, अशा स्थितीत दोघांनी चित्रे आळीपाळीने काढून वेळेवर हजर करावीत ही अपेक्षाच अवास्तव होती. शिवाय एटीआयच्या कार्डांना येथे क्रॉसफायरची, म्हणजे जोडीने चालण्याची, मुभा असली तरी एनव्हिडियाच्या जोडीस ती नव्हती. ही अडचण तांत्रिक कमी आणि मक्तेदारीची अधिक होती, हे २००८ मध्ये इंटेलच्या एक्स५८ बोर्डांना एसएलआयचा परवाना मिळाला तेव्हा उघड झाले : परवाना घेतलेल्या बोर्डाच्या बायोसमध्ये एक विशिष्ट मजकूर कोरलेला असे, आणि ड्रायव्हरला ती सनद दिसली तरच दुसरे कार्ड कामावर रुजू होई.

तोवर क्यू६६०० आणि एनव्हिडियाची दोन जीफोर्स कार्डे यांचा संसार थाटायचा तर एनफोर्स ६८०आय सारख्या बोर्डाकडे जावे लागे, आणि तेथे पेच निराळाच होता. या प्रोसेसरच्या एका आवरणात वस्तुतः दोन-दोन कोरांचे दोन तुकडे असून दोघेही एकाच फ्रंट साइड बसवर लटकलेले असतात. त्यामुळे बसवरचा विद्युत्‌भार वाढतो आणि ठोका चढवताना संकेत लवकर डळमळतात. बसच्या ठोक्यास ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग निघतो तो गुणक वर नेण्यास कारखान्याची बंदी असल्याने २.४ गिगाहर्ट्‌झवरून ३.६ वर जाण्याचा एकच मार्ग उरे, तो म्हणजे बसचा ठोका २६६ वरून ४०० वर नेणे. चांगल्या पी३५ बोर्डावर हे अनेकांना साधले. ६८०आयवर चार कोरांचा प्रोसेसर त्याच्या पुष्कळ अलीकडेच अडून बसे, असा सार्वत्रिक अनुभव होता. दोन कार्डे हवीत तर प्रोसेसरची गती सोडा, गती हवी तर दुसरे कार्ड सोडा, असा हा तहनामा होता.

विजेचा हिशेब याहून निष्ठुर. प्रोसेसरची विजेची मागणी ठोक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका दीडपट केला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२५ वरून १.४५ वर नेले, की मागणी ढोबळ मानाने दुप्पट होते. इतका प्रवाह, शंभर अँपिअरच्या पलीकडचा, पुरवण्याचे काम सॉकेटच्या कडेला दाटीने बसलेल्या मॉस्फेट आणि चोक यांच्याकडे असते. स्वस्त बोर्डावर त्यांच्या माथ्यावर उष्णताशोषक धातूची पट्टीही नसते. इकडे प्रत्येक कार्डास स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज ओढण्याचा अधिकार. ती बहुतांशी १२ व्होल्टची असते आणि २४ पिनांच्या मुख्य जोडणीत १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा आहेत अवघ्या दोन. म्हणून जाणत्या उत्पादकांनी स्लॉटांजवळ वीज देणारी एक जादा जोडणी ठेवली. दुकानात तिची आठवण कोणी करून देत नाही, आणि मुख्य जोडणीचे प्लॅस्टिक काळवंडेपर्यंत ती रिकामीच राहते.

जागेची अडचण शेवटची, पण हाताला सर्वाधिक भिडणारी. जाडजूड कार्डे दोन-दोन स्लॉटांची रुंदी व्यापतात. वरचे कार्ड खालच्याने तापवलेली हवा ओढते. आणि नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशी ओलांडते, तेव्हा जानेवारीत स्थिर वाटलेला वेग मे महिन्यात कोसळतो. मग बायोस मूळपदावर आणण्यासाठी तो इवलासा जंपर शोधावा, तर पुष्कळ बोर्डांवर तो नेमका दुसऱ्या कार्डाच्या पोटाखाली दडलेला! प्रत्येक फसलेल्या प्रयोगागणिक कार्ड उपसायचे, जंपर हलवायचा, पुन्हा कार्ड बसवायचे. आराखडा करणाऱ्याने दोन कार्डांची जाहिरात केली खरी, परंतु आपल्या बोर्डावर दोन कार्डे बसवून पाहिली असतील की नाही याची शंका येते.

२०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने घड्याळच चिपसेटमध्ये नेऊन सारे ठोके एका १०० मेगाहर्ट्‌झला बांधले. बस चढवण्याची जुनी विद्या मूठभर टक्क्यांवर आली, आणि वेगवृद्धी मोकळ्या गुणकाचे, के-मालिकेचे प्रोसेसर व पी६७ सारखे बोर्ड घेणाऱ्यांपुरती उरली. दुसऱ्या कार्डाचा अंमलही फार टिकला नाही. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आपल्या जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइले, म्हणजे जोडीने खेळ चालवण्यासाठी ड्रायव्हरला लागणाऱ्या सूचना, देणे थांबवले. तेव्हा आज नवा संगणक बांधणाऱ्याने खेळांसाठी दोन कार्डांचा विचार सोडून एकच समर्थ कार्ड घ्यावे. आणि जुनी जोडी हौसेने चालवायचीच असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतील ते पान उघडावे, ज्यावर दुसऱ्या स्लॉटमध्ये किती लेन आहेत हे बारीक अक्षरांत छापलेले असते.