एका एकराचा कारभार

“पाच एकरांतलं एक एकर माझ्या हाती द्या. त्यात काय पेरायचं, काय घरात ठेवायचं आणि काय बाजारात न्यायचं, ते मी ठरवीन.” धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर, कळंब, उमरगा, लोहारा या भागांतल्या शेतकरी घरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही मागणी हजारो वेळा झाली असेल. मागणारी घरचीच सून. पेरणीमागं बी टाकते ती, खुरपते ती, काढणीला वाकते ती. पण एकराचा कारभार मागितला की घरात खल सुरू होतो. सासरा गप्प, नवरा म्हणतो बघू, आणि अनेकदा पदरात पडतो तो कडेचा बरड तुकडा, जिथं मुरूम वर आलेला असतो आणि सोयाबीन नीट येत नाही.

बाया तो तुकडाही घेतात.

या मागणीमागं स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था आहे आणि तिच्या या कामाला ‘एक एकर मॉडेल’ असं अगदी कोरडं नाव आहे. बाईनं घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर मागून घ्यायचा, त्यात नगदी पिकाऐवजी खाण्याची पिकं घ्यायची, रासायनिक खत-औषधाचा खर्च टाळायचा आणि पाणी बेतानं वापरायचं. कृषी विभागाच्या कुठल्याही पत्रकात सापडतील अशाच या गोष्टी आहेत. वेगळा आहे तो क्रम. आपल्याकडे आधी प्रशिक्षण असतं: सभागृह, फलक, फाईल, दुपारचं जेवण, शेवटी प्रमाणपत्र. बाई घरी येते आणि पेरायचं काय ते नवराच ठरवतो. इथं आधी जमीन आणि निर्णय हातात येतो, शिकणं मागून येतं. शिकलेलं लगेच लावायला रान असलं की माणूस शिकतो, नाहीतर जेवून परत येतो, असं माझं मत आहे. पुरुषांच्या मेळाव्यांनाही ते तितकंच लागू आहे.

हा क्रम शेतीतून आलेला नाही, तो पडक्या घरांतून आला आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. या भागातली जुनी घरं माळवदाची: दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात ती माती घर गार ठेवायची. त्या पहाटे तीच अंगावर आली. सगळ्यांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. उरलेल्या शेकडो गावांत मात्र घरं उभी होती, तडे गेलेली. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आखला. पैसे हप्त्यांनी घरमालकाला मिळणार आणि काम त्यानंच करून घ्यायचं.

पण करून घ्यायचं म्हणजे काय? माळवदावरची माती किती उतरवायची? भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरलं की भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर बांधले जातात, हे गवंड्याला कोण समजावणार? पुढचा हप्ता का अडला, हे अभियंत्याला कोण विचारणार? मुंबईतल्या वस्त्यांत काम केलेल्या, याच संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं एक युक्ती केली. प्रत्येक गावातल्या महिला मंडळातून संवाद सहायक नेमल्या. या बाया घरोघर जाऊन योजना सांगत, कामावर नजर ठेवत, तक्रार घेऊन अभियंत्याकडे जात. यातल्या कित्येकींनी तोवर ग्रामपंचायतीचा उंबरा ओलांडला नव्हता. सरकारी माणसाशी मान वर करून बोलायला लागतं ते धैर्य त्यांना कुठल्या शिबिरात मिळालं नाही. नेमणूक मिळाली, गाव विचारू लागलं, आणि विचारणाऱ्याला उत्तर देण्यासाठी त्यांना शिकावं लागलं.

२००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या याच बाया गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायांशी बोलल्या. भाषा वेगळी होती, पण पडलेली भिंत दोघींनी पाहिली होती.

घरं उभी राहिल्यावर या मंडळांचं पुढं काय करायचं? बहुतेक ठिकाणी अशा वेळी संस्था गाशा गुंडाळतात. इथं बचत गट झाले, गटांचे महासंघ झाले, कुणी दुकान टाकलं, कुणी दारोदार निर्धूर चुली विकल्या. शेती खरं तर उशिरा आली आणि तीही दुष्काळानं आणली.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर पसरलेला, पाऊस बेभरवशाचा. इथलं खरीप गेल्या दोन-तीन दशकांत सोयाबीननं व्यापलं. कारण सरळ आहे: शंभर-सव्वाशे दिवसांत पीक निघतं, आडतीवर रोख मिळते आणि रान रब्बीला मोकळं होतं. पण सोयाबीन भाकरीबरोबर खाता येत नाही. मूग, उडीद, तीळ, अंबाडी, कारळ मागं हटले आणि शेतकऱ्याच्या घरात डाळ दुकानातून येऊ लागली. २०१२ पासून कोरडी वर्षं वारंवार येऊ लागली. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी बियाणं, खत, फवारणी यांचा खर्च मातीत जातो आणि घरात ना पैसा असतो, ना दाणा. एक एकर मागण्याची खरी निकड इथली आहे. ज्या बाईला रोज संध्याकाळी चूल पेटवायची आहे, तिला हंगामाचा हिशेब क्विंटलमध्ये करून चालत नाही.

या एकरात एक पीक नसतं. मूग-उडदाच्या ओळी, मध्ये तूर, कडेला बाजरी किंवा ज्वारी, भेंडी-गवार-चवळीचे वाफे, बांधावर अंबाडी, कुंपणावर दोडका-कारलं. यामागं जुनंच शहाणपण आहे. मूग साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो, म्हणजे ऑगस्टनंतर पाऊस गेला तरी काहीतरी घरात आलेलं असतं. तुरीचं मूळ खोल जातं, ती नंतरचा ताण सोसते. भाजी घरी खाऊन उरली की आठवडी बाजारात बसता येतं. जोडीला दोन-चार शेळ्या. उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते आणि अडीअडचणीला तिच्याइतक्या लवकर पैसा देणारं घरात दुसरं काही नसतं.

कौशल्य म्हणजे काय, ते पाहायचं तर जूनच्या आधीचा एक साधा उद्योग पाहावा. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, सुकू द्यायचं नाही. काही दिवसांनी उलगडून धडधाकट मोड आलेले दाणे मोजायचे. सोयाबीनचे शंभरात सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. त्याहून थोडे कमी भरले तर एकरी बी वाढवायचं आणि फारच कमी भरले तर ते पेरायचंच नाही. फुकटची चाचणी आहे, पण ती न केल्यानं दुबार पेरणीत कर्ज झालेली घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत. आणि एकदा बाईनं गोणपाट उलगडून “हे बी पेरू नका” असं सांगितलं आणि ते खरं निघालं, की उरलेल्या चार एकरांबद्दलही तिला विचारलं जातं.

जीवामृत या घरी करायच्या द्रवखताचंही असंच. दोनशे लिटर पाण्याच्या बॅरलमध्ये दहा किलो ताजं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं. पिकाची खताची सगळी गरज यावर भागते का, याबद्दल कृषिशास्त्रज्ञांचं एकमत नाही आणि शेणखताशिवाय नुसत्या जीवामृतावर विसंबणं मलाही धाडसाचं वाटतं. पण गूळ आणि बेसन एवढाच रोख खर्च असल्यानं पीक बुडालं तरी सावकाराच्या दारात जावं लागत नाही. बरडावर हा हिशेब मोठा असतो.

शेतात बसून, बघून शिकण्याची ही पद्धत जगाला नवी नाही. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या किडींसाठी शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या आणि तिथून जगभर गेल्या. आपल्याकडे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात धाराशिवसह १५ जिल्ह्यांत शेतीशाळा भरल्या. एक एकराच्या कामात शिकवणारी बहुधा शेजारच्या गावातलीच एक बाई असते, जिनं दोन-तीन हंगाम स्वतःच्या तुकड्यावर हे केलेलं असतं. तिचं चुकलेलंही गावाला ठाऊक असतं, म्हणून तिचं ऐकतात.

अशा बायांतूनच गोदावरी डांगे पुढं आल्या. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या. तरुणपणीच पती गेले, बचत गटाच्या निमित्तानं घराबाहेर पडल्या, पुढं सखी महासंघ बांधण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला आणि देशोदेशीच्या व्यासपीठांवर त्या दुष्काळातल्या शेतीबद्दल बोलल्या. त्यांच्यावर एक चित्रकथाही निघाली आहे. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या, काम चालू आहे.

पुरस्कारांनी भारावून जायचं कारण नाही. एक एकरानं बाईचं काम कमी झालेलं नाही, वाढलंच आहे. चार एकरांतली खुरपणी सुटत नाही आणि पाचव्याची जबाबदारी नवी. पाण्याची पाळी अजून बहुतेक घरांत सोयाबीन-उसाला आधी लागते. आणि तुकडा पिकू लागला, मुरमाला काळा रंग चढला, की तो परत मागितला जाऊ शकतो, कारण कागदावर तिचं काहीच नसतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई ही सगळी सातबाऱ्यावरच्या नावानं येते. आता योजनांसाठी लागणारा शेतकरी ओळख क्रमांकही त्याच नावाला मिळतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं आहे, पण तलाठ्याच्या दप्तरात शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता असं नाही. शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात लाखो बाया एकत्र आणल्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: जमिनीचा एक हिस्सा बायकोच्या नावे करा. पुष्कळ शेतकऱ्यांनी तो केलाही. पुढं १९९२ मध्ये राज्य सरकारनं त्याच नावानं निर्णय काढला आणि पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. ती योजना आजही आहे. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. तो करायचा मात्र नवऱ्यानं.