आच्छादनाखालील पालेभाज्या व विजेचा प्रकाश

पॉलिहाऊसांत पालेभाज्या करणारे कित्येक शेतकरी बंधु हल्लीं आम्हांस विचारतात कीं, पिकावर विजेचे दिवे लावावे किंवा कसें. दिव्यांनीं पीक वाढतें यांत संशय नाहीं. परंतु दिवे घेण्यापूर्वीं प्रकाशाचा जमाखर्च मांडला पाहिजे, असें आमचें मत आहे.

पिकास दिवसभरांत मिळणारा प्रकाश शास्त्रज्ञ दर चौरस मीटरास अमुक मोल असा मोजतात. हा मोल म्हणजे किंमत नव्हे. पायलीसारखें तें एक माप होय. लेट्यूस अथवा सालीट या भाजीस रोज 12 ते 17 मोल प्रकाश पुरतो. हॉलंड देशांत डिसेंबर महिन्यांत उघड्यावरसुद्धां सरासरी 4 मोलांच्या आसपासच प्रकाश पडतो. तेथील बागायतदार दिवे लावतात ते या गरजेमुळें. आपल्याकडे स्वच्छ उन्हाळ्यांत 40 मोलांहून अधिक प्रकाश पडतो, व तो अडविण्यासाठींच आपण जाळी ताणतों. आपली तूट पडते ती आषाढ-श्रावणांतील झडीच्या दिवसांत, विशेषतः घाटमाथ्यावर.

या तुटीवर पहिला उपाय अल्प खर्चाचा आहे. धूळ व शेवाळ बसलेला कागद बराच प्रकाश अडवितो. तो पावसाळ्याच्या तोंडीं धुवावा, झडींत आंतील जाळी गुंडाळून ठेवावी, व दाट पेर विरळ करावी.

तरीही तूट राहिल्यास दिव्यांचा हिशेब पाहावा. दर चौरस मीटरास 40 वॅटचे चांगले एलईडी दिवे 10 तास लावल्यास सुमारें साडेतीन मोल प्रकाश जमेस येतो व 0.4 युनिट वीज खर्चीं पडते. एका गुंठ्यास, म्हणजे सुमारें 101 चौरस मीटरांस, रोज 40 व महिन्यास 1,200 युनिटें लागतात. प्रकाश शेकडा 1 वाढल्यास उत्पन्नही शेकडा 1 च्या जवळपास वाढतें, असा हॉलंडांतील ठोकताळा आहे. 12 मोलांत साडेतीनांची भर पडली, तर उत्पन्न फार तर शेकडा 30 वाढेल. समजा, गुंठ्यांतून महिन्यास 300 किलो भाजी निघते. तर वाढ 90 किलोंची, व दर जादा किलोमागें वीज 13 युनिटांहून अधिक. यांत दिव्यांची झीज व भांडवलाचें व्याज धरलेलें नाहीं. मेथी-पालकाच्या नेहमींच्या भावांत हा खर्च निघणें कठीण. रोपवाटिकेंत मात्र थोड्या जागेंत हजारों रोपें असतात; तेथें तोच खर्च रोपागणिक अत्यल्प होतो.

दिवे लावणारांनीं तीन गोष्टी संभाळाव्या. पालक व कोथिंबीर दिवस लांबला कीं लवकर फुलोऱ्यास येतात. यास्तव दिवे ढगाळ दिवसांच लावावे, रात्रीं जागवूं नयेत. वाढ झपाट्याची व हवा कोंदट असली म्हणजे कोंवळ्या पानांस चुना पोंचत नाहीं व कडा करपतात. यास्तव पंख्यानें हवा खेळती ठेवावी. तिसरी गोष्ट जिवाची: ओल्या जागेंत पाणी न शिरणारे दिवे व पक्कें अर्थिंग यांवांचून वीज नेऊं नये.

कर्ज काढून घरभर दिवे टांगण्यापूर्वीं एक वाफा दिव्याखालीं व एक बिनदिव्याचा ठेवावा, आणि काढणीस दोहोंचें वजन करून वीजबिलाशीं ताडून पाहावें. विक्रेत्याच्या पत्रकापेक्षां आपला तराजू अधिक विश्वासाचा.