पुडी, चमचा आणि तराजू

जोगेश्वरीच्या पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्गावर एफ्‌डीसी या औषधी कंपनीची मुख्य कचेरी आहे. तिच्या ‘इलेक्ट्राल’ची पुडी मुंबईंतील कितीतरी घरांच्या औषधांच्या डब्यांत पडलेली असते. मुलाला जुलाब सुरू झाले कीं ती बाहेर निघते, आणि पुष्कळदा तिच्यांतील थोडी पूड पेलाभर पाण्यांत अंदाजानें कालविली जाते. सबंध पुडी वायां कशाला घालवावयाची, हा त्यामागचा हिशेब. काटकसरीचा खरा, पण मुलाच्या हिताचा नव्हे.

कारण हें नुसतें गोड-खारट सरबत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं ठरविलेल्या सूत्राप्रमाणें १ लिटर पाण्यास ग्लूकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम लागतें. आंतड्याच्या भिंतींतून आंत शिरतांना ग्लूकोज मिठांतील सोडियमला बरोबर घेऊन जातें आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातें. साखर फार झाली तर उलट शरीरांतलें पाणीच आंतड्यांत ओढलें जाऊन जुलाब वाढतात; मीठ फार झालें तर रक्तांतील सोडियम चढून तान्ह्या मुलास झटके येऊं शकतात.

मग मोजावयाचें कसें, वजनानें कीं मापानें? पुडीचें माप फसवें असतें. बारीक मीठ चमच्यांत दाटून बसतें, खडेमिठाच्या दाण्यांमध्यें पोकळी राहते. आणि शिगेचा चमचा व सपाट चमचा यांत तर जवळजवळ दुपटीचा फरक पडूं शकतो. पाण्याचें तसें नाहीं. तें भांड्याचा कोपरान्‌कोपरा भरतें, आणि १ लिटर पाणी तोलून पाहिलें तर १ किलोग्रॅमच्या जवळपासच भरतें. तेव्हां पूड तराजूनें आणि पाणी मापानें, ही वांटणी शहाणपणाची. पुडींत तराजूचें काम कारखान्यांत आधींच उरकलेलें असतें. अर्धी पुडी अंदाजानें टाकली कीं तें फुकट गेलें.

या वांटणीची कसोटी १९७१ सालीं लागली. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लूकोज व खाण्याचा सोडा कलकत्त्यास तोलवून पिशव्यांत भरविला. छावणींत पिंपांतील पाण्यांत तो विरघळविला आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच त्यांस पाजविला. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ४ च्या खालीं आलें.

पुडीच नसेल तेव्हां मात्र चमच्यावांचून गति नाहीं. १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि बारीक मिठाचा अर्धा. ही साखर ग्लूकोजच्या जवळजवळ दुप्पट भरते, कारण तिच्यांत ग्लूकोज निम्मेंच असतें. तयार पाणी अश्रूंहून खारट लागलें तर तें सरळ ओतून द्यावें.

पुडी असल्यास तिच्यावर छापलेलें पाण्याचें माप आधीं वाचावें, कारण मोठी पुडी लिटरची असते तशी लहान २०० मिलिलिटरचीहि मिळते. मग ती सबंध फोडून कालवावी, घोटघोट पाजावी, आणि उरलेलें पाणी २४ तासांनंतर ठेवूं नये. मूल मलूल झालें किंवा त्याच्या पोटांत पाणीच ठरेना, तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावूं नये.