लंडनचं वार्तापत्र : संस्थेने हिशेब कुणाला द्यायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीहून फोन आला की हल्ली एक विषय हमखास निघतो. गावात अमुक संस्था आली आहे, आधार कार्डाची झेरॉक्स घेते, बायकांचे फोटो काढते, शिलाई मशीन नाहीतर शेळ्या देते म्हणते. खरी की खोटी, कसं ओळखायचं? महागाव तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचं नाव देशभर गेलं, 2017 साली फवारणीच्या विषबाधेने पुन्हा गेलं, आणि दर वेळी मदत घेऊन माणसं आली. त्यांतलं काय टिकलं, याची नोंद गावापाशी क्वचितच असते.

इथे ब्रिटनमध्ये पहिला प्रश्न घरबसल्या सुटतो. स्टेशनबाहेर बादली घेऊन वर्गणी मागणारा उभा असतो, ती बादली सीलबंद असते आणि तिच्यावर संस्थेचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक मोबाईलवर टाकला की चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत संस्थेचं पान उघडतं : वर्षभरात किती पैसा आला, किती खर्च झाला, विश्वस्त कोण, साठ हजार पौंडांपेक्षा जास्त पगार कितीजणांना. हिशेब वेळेवर दिला नसेल तर तेही तिथेच ठळक दिसतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 1 लाख 70 हजार संस्था या वहीत आहेत. कमिशनची स्थापना 1853 च्या कायद्याने झाली, म्हणजे ही घडी बसायला पिढ्या गेल्या आहेत.

पण जमाखर्च उघडा असला म्हणून काम कळतंच असं नाही. ‘किड्स कंपनी’ ही लंडनमधली नावाजलेली संस्था, हाल सोसणाऱ्या मुलांसाठी काम करणारी. सरकारने तिला वर्षानुवर्षं मिळून चार कोटी पौंडांहून अधिक अनुदान दिलं. ऑगस्ट 2015 मध्ये ती बंद पडली. दरवर्षी 36 हजार जणांपर्यंत पोचतो असं ती सांगायची. बंद पडल्यावर स्थानिक पालिकांकडे सोपवलेल्या मुलांच्या नोंदी दोन हजारांच्याही आत निघाल्या. राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी त्याच वर्षी लिहिलं की संस्था आपल्या कामाबद्दल स्वतः जे सांगत होती, त्यावरच सरकार फार विसंबून राहिलं. पुढे 2021 साली उच्च न्यायालयाने विश्वस्तांना अपात्र ठरवायला नकार दिला, हेही सांगायला हवं. तिथल्या माणसांना त्या मुलांची कळकळ होती, यात मला शंका नाही. ‘पोचलो’ म्हणजे काय केलं, हे बाहेरच्या कुणी वेळेवर तपासलं नाही, ही खरी चूक.

ते कसं तपासायचं, याचा मला माहीत असलेला सर्वांत चोख नमुना विदर्भातला आहे आणि तो छापून आला इथल्याच ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात, डिसेंबर 1999 मध्ये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला सुरुवात केली. गावातलीच बाई शिकवून तयार केली. ती बाळंतिणीच्या घरी जायची, बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन करायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग दिसला तर औषध, इंजेक्शन द्यायची. शेजारच्या 47 गावांत हे काम नव्हतं, पण जन्म-मृत्यूची नोंद तिथेही तितक्याच काटेकोरपणे होत होती. शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून नोंदी पडताळल्या जायच्या. कामाच्या गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती, तो आकडा 25 च्या आसपास आला. बाकीच्या गावांत तो 58 च्या जवळ होता, तो 60 च्या घरातच राहिला.

या दुसऱ्या आकड्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही. पाऊस चांगला झाला, रस्ता झाला, दवाखाना जवळ आला, तरी बाळं वाचली असती. मग संस्थेने काय केलं? त्या 47 गावांमुळे याचं उत्तर मिळालं. तिथली बाळं मात्र दगावतच राहिली. तो आकडा वाचताना मला आजही जड जातं. पुढे ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली, ती या मोजणीच्या बळावर.

इतकी मोठी मोजणी प्रत्येक संस्थेला झेपणार नाही, आणि शंभर शेळ्या वाटणाऱ्याकडून ती मागूही नये. पण आपल्याकडेही कायदा आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि तो धर्मादाय कार्यालयात जातो. तेव्हा संस्थेला आधी नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर आधारची झेरॉक्स देऊ नका. क्रमांक मिळाला की यवतमाळच्या धर्मादाय कार्यालयात हिशेबाच्या नकलेसाठी अर्ज करा.

आणि वाटपाच्या दिवशीच ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवा : कुणाला काय मिळालं, आज त्या घराची कमाई किती. वर्षाने तीच वही घेऊन त्याच घरी जा, आणि अर्ज करूनही ज्यांना काही मिळालं नाही, त्यांच्याकडेही जा. शेळी जिवंत आहे का, मशीन चालतंय का, हे त्या बाईलाच विचारा. संस्थेचा माणूस तेव्हा सोबत नको.